मऊ अन्न आणि प्रथिने : स्थूलतेवरील शल्यक्रियेच्या आहारविचाराची पूर्वपीठिका

१

जठराचा आकार लहान करून अथवा लहान आतड्याचा काही भाग अन्नमार्गातून वगळून अतिस्थूल व्यक्तीचे वजन उतरविण्याची शल्यक्रिया ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाची निर्मिती होय. या शल्यक्रियेनंतर रुग्णास काही आठवडे प्रथम पातळ, मग वाटलेले आणि त्यानंतर मऊ अन्न घ्यावे लागते, आणि त्याच काळात दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा सांगण्यास सोपी, पण पाळण्यास अत्यंत कठीण आहे. नव्याने घडविलेल्या जठराच्या कप्प्यात एका वेळी दोन-चार चमच्यांपेक्षा अधिक अन्न मावत नाही. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. अर्थात केवळ दुधावर ६० ग्रॅमचा आकडा गाठावयाचा तर जवळजवळ दोन लिटर दूध प्यावे लागेल. अंड्यांचा हिशेब केल्यास दिवसाला दहा अंडी होतात.

या अडचणीकडे सामान्यतः आधुनिक वैद्यकातील एक तांत्रिक बाब म्हणून पाहिले जाते. परंतु आजारी, दुर्बळ किंवा चघळण्यास असमर्थ माणसाला मऊ अन्नातून पुरेसे पोषण कसे पोचवावे, हा प्रश्न शल्यक्रियेहून फार जुना आहे. त्याच्या उत्तरादाखल गेल्या दोनशे वर्षांत जी मते मांडली गेली त्यांचा क्रम लावून पाहिला, तर एकच चूक निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा अवतरलेली दिसते. जे गिळण्यास सुलभ ते पोषकही असणार, असे गृहीत धरणे ही ती चूक होय. प्रस्तुत निबंधात या चुकीचा आणि तिच्या निरसनाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

२

या इतिहासाचा आरंभ पॅरिस शहरात होतो. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या काळात शहरातील गोरगरिबांना आणि रुग्णालयांतील रोग्यांना स्वस्त अन्न कसे पुरवावे, ही राज्यकर्त्यांपुढील मोठी विवंचना होती. जनावरांची हाडे शिजवून त्यांतून सरसासारखा पदार्थ, म्हणजे जिलेटिन, काढता येतो हे ठाऊक होते. दाबाखालील वाफेने हाडे मऊ करण्याचे पात्र देनी पापँ याने सतराव्या शतकातच सिद्ध केले होते. झाँ-पिएर-जोसेफ दार्से या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तिसाव्यात ही कृती मोठ्या प्रमाणावर राबविली आणि हाडांचे हे सार मांसाची जागा घेऊ शकते असे प्रतिपादन केले. पॅरिसच्या काही रुग्णालयांत जिलेटिनचे सूप नियमितपणे दिले जाऊ लागले. हा पदार्थ मऊ होता, स्वस्त होता, आणि रासायनिक पृथक्करणात त्यात नत्र भरपूर आढळत होता.

या शेवटच्या गुणाचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. फ्रांस्वा माजांदी याने १८१६ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत केवळ साखर, डिंक, ऑलिव्ह तेल किंवा लोणी यांवर ठेवलेले प्राणी जगत नाहीत असे दाखविले होते. या पदार्थांत नत्र नाही. तेव्हा अन्नात नत्र हवा, हा निष्कर्ष त्यातून निघाला. मात्र तेवढ्यावरून 'ज्यात नत्र आहे ते पोषक' असे उलट विधान करता येत नाही. दार्सेच्या पक्षाने नेमके तेच केले होते. रुग्णांच्या व डॉक्टरांच्या तक्रारी वाढू लागल्यावर विज्ञान अकादमीने या प्रश्नासाठी समिती नेमली. माजांदीने लिहिलेला तिचा अहवाल १८४१ साली प्रसिद्ध झाला. केवळ जिलेटिनवर ठेवलेली कुत्री ते खाण्याचे टाळीत, कृश होत आणि मरत. परंतु शुद्ध केलेले फायब्रिन किंवा अल्ब्युमिन यांवरही ती दीर्घकाळ तग धरू शकत नाहीत असे समितीला आढळले. उलटपक्षी कच्ची हाडे खाणारी कुत्री जगली. समितीला कार्यकारणभाव सांगता आला नाही. अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वे यांची कल्पना अद्याप उदयास यावयाची होती. तरीही अन्नाचे मोल एका घटकाच्या मोजणीने ठरत नाही, हे सत्य तिने प्रस्थापित केले.

'प्रोटीन' हे नाव याच सुमारास, १८३८ मध्ये, हॉलंडच्या म्युल्डर याने बर्झीलियसच्या सूचनेवरून रूढ केले. ते 'अग्रस्थानी असलेले' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतले आहे. मराठीतील 'प्रथिने' हा प्रतिशब्द मूळ शब्दाचा ध्वनी राखतो आणि त्यातील प्राथम्याचा अर्थही सुचवितो. पण नाव मिळाल्याने वस्तूचे ज्ञान झाले असे नव्हे.

३

जिलेटिनची मानहानी झाली तरी मऊ व पातळ पथ्याहाराचा मोह ओसरला नाही. युस्टुस फोन लीबिख याने १८४७ मध्ये मांसाचा अर्क काढण्याची रीत वर्णिली. पुढे १८६५ पासून दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशात त्याचे कारखानदारी उत्पादन सुरू झाले. या अर्कास मांसाची चव होती, पण मांसातील प्रथिनांचा बहुतांश त्यात उतरत नव्हता. तरीही युरोपातील घराघरांत आजाऱ्याच्या उशाशी त्याचा पेला दिसू लागला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८५९ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात गोमांसाचा काढा आणि जेली यांच्या पोषकतेबद्दल परखड शंका व्यक्त केली. काढा आटवून तळाशी काय उरते ते पाहावे, हा तिचा युक्तिवाद होता. प्रयोगशाळेबाहेर वावरणाऱ्या परिचारिकेने केलेले हे निरीक्षण आजही आहारशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

माजांदीच्या समितीला जे कोडे उलगडले नाही त्याची उकल विसाव्या शतकाच्या आरंभी झाली. विलकॉक आणि हॉपकिन्स यांनी १९०६ मध्ये उंदरांवर प्रयोग केले. मक्यातील झाइन या प्रथिनावर उंदीर जगत नाहीत, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मिसळले असता अधिक काळ जगतात, असे त्यांनी दाखविले. त्यानंतर ऑसबर्न व मेंडेल यांनी ट्रिप्टोफॅन आणि लायसीन यांची आवश्यकता निर्विवाद सिद्ध केली. विल्यम रोझ याने १९३५ मध्ये थ्रिओनीनचा शोध लावून आवश्यक अमिनो आम्लांची यादी जवळजवळ पूर्ण केली. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन मुळीच नसते. पॅरिसच्या रुग्णालयांतील सूप नत्राने समृद्ध असूनही दरिद्री का होते, याचे उत्तर नव्वद वर्षांच्या आतबाहेर अशा रीतीने मिळाले.

मऊ अन्नाच्या फसवेपणाचे सर्वांत करुण उदाहरण मात्र आफ्रिकेत नोंदले गेले. सिसिली विल्यम्स या डॉक्टर महिलेने गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घाना देशात, अंगावर सूज, त्वचेचे विकार आणि केसांचा बदललेला रंग ही लक्षणे असलेल्या बालकांचा आजार १९३३ मध्ये वर्णिला. १९३५ मध्ये तिने त्याचे 'क्वाशिओर्कोर' हे स्थानिक नाव वैद्यकजगतास परिचित करून दिले. धाकटे भावंड जन्मल्यावर आईच्या दुधापासून दुरावलेल्या मुलाचा हा रोग होय. अशा मुलास मक्याच्या पिठाची मऊ पेज मिळत असे. पोट भरे, पण अंग भरत नसे. या रोगाचे कारण केवळ प्रथिनांची उणीव हेच आहे काय, यावर पुढे वाद झाला. हैदराबादच्या सी. गोपालन यांनी १९६८ मध्ये दाखविले की, क्वाशिओर्कोर व सुकटी या दोन्ही रोगांतील मुलांच्या आहारात म्हणण्यासारखा फरक आढळत नाही. तथापि बाळाची पेज पोषणदृष्ट्या किती पोकळ असू शकते, याविषयी दुमत उरले नाही.

४

आता शल्यक्रियेकडे वळले पाहिजे. मिनेसोटातील क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनी १९५४ मध्ये लहान आतड्याच्या निरनिराळ्या भागांचे पोषणदृष्ट्या महत्त्व तपासणारे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांच्याच निबंधासोबत स्थूल रुग्णावरील आतडे-वळण शल्यक्रियेची वार्ता आली. पुढे पेन व डीविंड यांनी १९६९ मध्ये १४ इंच वरचे आणि ४ इंच खालचे आतडे एवढेच अन्नमार्गात ठेवण्याची रीत रूढ केली. या रीतीत रुग्णास आहाराचे फारसे बंधन नव्हते. खाल्लेले अन्न शोषले जाऊ नये, हीच तिची मूळ कल्पना होती. वजन उतरले. पण काही रुग्णांचे यकृत निकामी होऊ लागले. मॉक्स्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये अशा रुग्णांच्या रक्तातील अमिनो आम्लांचा आराखडा क्वाशिओर्कोरच्या आराखड्याशी मिळताजुळता असल्याचे दाखविले. विपुलतेच्या देशात, स्थूल देहात, आफ्रिकेतील उपाशी बालकाच्या रोगाची छाया दिसावी, ही गोष्ट वैद्यकास अंतर्मुख करणारी होती. ही शल्यक्रिया पुढे सोडून देण्यात आली.

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन याने निराळी वाट धरली. जठरव्रणासाठी जठराचा मोठा भाग काढलेले रुग्ण कृश राहतात, हे शल्यचिकित्सकांस परिचित होते. या दोषाचाच उपाय म्हणून उपयोग करण्याची कल्पना त्याने १९६६ मध्ये अमलात आणली आणि इटो याच्यासमवेत १९६७ मध्ये प्रसिद्ध केली. आरंभीचा कप्पा मोठा होता. अनुभवाअंती तो ५० मिलिलिटर किंवा त्याहूनही लहान करण्यात आला. येथून प्रश्नाचे स्वरूप पालटले. आता अडचण शोषणाची कमी आणि सेवनाची अधिक होती.

मेसननेच १९८० पासून जठरास उभी शिवण घालून त्याच्या मुखाशी पट्टी बसविण्याची रीत सुरू केली. ५ सेंटिमीटर घेराच्या त्या अरुंद वाटेतून मांसाचे तुकडे, चिवट भाकरी किंवा तंतुमय भाज्या उतरत नसत. त्या अडकत आणि वांती होई. आइसक्रीम, गोड दूध, चॉकलेट हे पदार्थ मात्र निर्वेध सरकत. परिणामी काही रुग्णांनी नकळत आपला आहार मऊ व गोड केला. त्यांची प्रथिने घटली, उष्मांक मात्र घटले नाहीत. शुगरमन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक प्रयोगात गोडखाऊ रुग्णांना या रीतीचा लाभ कमी होतो, असे दिसून आले. येथे मऊपणाचा दुसरा दोष उघड झाला. तो केवळ प्रथिने नाकारतो असे नाही, तर शल्यक्रियेचा हेतूही निष्फळ करतो.

इटलीतील जिनोआ येथे निकोला स्कोपिनारो याने १९७६ पासून जठर व आतडे या दोहोंत बदल करणारी शल्यक्रिया आरंभिली. वजन टिकवून धरण्यात ती सर्वांत प्रभावी ठरली, पण प्रथिनकुपोषण ही तिची प्रमुख गुंतागुंत होती. खाल्लेल्या प्रथिनांचा लक्षणीय भाग शोषला जात नाही आणि देहातील नत्रही आतड्यावाटे अधिक वाया जातो, असे स्कोपिनारोच्या स्वतःच्याच अभ्यासातून दिसले. यास्तव त्याला आतड्याची व जठराची मापे पुनःपुन्हा बदलावी लागली. शल्यचिकित्सकाने शोधलेला दोष त्यानेच मोकळेपणी प्रसिद्ध करावा, हा या इतिहासातील आदरणीय भाग होय.

५

शल्यक्रियेच्या या वाटचालीस समांतर अशी एक घटना अमेरिकेत घडली आणि तिने पॅरिसचा धडा पुन्हा शिकविला. बोस्टन येथील जॉर्ज ब्लॅकबर्न आणि ब्रूस बिस्ट्रियन यांनी १९७० च्या दशकात वैद्यकीय देखरेखीखाली अल्प उष्मांकांचा पण उत्तम प्रथिनांचा आहार योजिला होता. त्यात कसदार मांस व क्षार यांचा समावेश असे. उपासात स्नायू झिजू नयेत, हा त्यामागील विचार होता. याच कल्पनेची सुलभ आवृत्ती म्हणून १९७६ मध्ये एका लोकप्रिय पुस्तकाद्वारे द्रव प्रथिनांचा आहार प्रसिद्धीस आला. हा द्रव मुख्यतः जनावरांच्या कातडी व अस्थिबंधांतील कोलॅजेनपासून, म्हणजे जिलेटिनच्याच मूळ द्रव्यापासून, तयार होत असे. १९७७ व १९७८ या वर्षांत अशा आहारावर असलेल्या सुमारे ६० व्यक्तींच्या मृत्यूंची नोंद शासकीय यंत्रणेकडे झाली. त्यांपैकी १७ प्रकरणांचा सविस्तर अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. हे मृत्यू हृदयाच्या स्पंदनातील बिघाडाने झाले होते. कारणांमध्ये क्षारांची उणीव आणि दीर्घ उपास यांचाही वाटा असावा. तथापि जे प्रथिन १८४१ मध्येच अपुरे ठरले होते ते १३५ वर्षांनंतर नव्या बाटलीत विकले गेले, हे विसरता येणार नाही.

अन्न व कृषि संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या १९८९ च्या तज्ज्ञसभेने प्रथिनांची गुणवत्ता मोजण्यासाठी अमिनो आम्लांचे प्रमाण व पचनक्षमता यांवर आधारित अंक स्वीकारला. या मापात दूध व अंडे यांचा अंक १ येतो, आणि ट्रिप्टोफॅनच्या अभावामुळे कोलॅजेनचा शून्य. २०१३ मध्ये याहून सूक्ष्म माप सुचविले गेले. शल्यक्रियेनंतरच्या पोषणासंबंधी अमेरिकेतील शल्यसंघटनेच्या आहारतज्ज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनांत पूरक प्रथिनांचा विचार या अंकाच्या आधारे केला गेला. बाटलीवरील ग्रॅमचा आकडा तेवढा पाहू नये, प्रथिन कोणते ते पाहावे, हा त्यातील इशारा माजांदीचाच वारसा सांगतो.

६

येथवर प्रथिनांची जात आणि त्यांची मात्रा या दोन बाबींचा विचार झाला. तिसरी बाब ऊर्जेची. तिच्या संदर्भात एका मराठी शास्त्रज्ञाचे स्मरण करणे क्रमप्राप्त आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९५१ पासून सुमारे दोन दशके अन्न व कृषि संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने येऊ घातलेल्या 'प्रथिन-संकटा'विषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्या काळात प्रथिनांची पिठे व चूर्णे गरीब देशांना पुरविण्याचा उत्साह जोरावर होता. सुखात्मे यांनी भारतातील आहारपाहण्यांच्या आकडेवारीवरून, विशेषतः १९७० च्या आपल्या निबंधातून, दाखविले की, येथील प्रथिनन्यूनता बहुतांशी एकूण अन्नाच्या न्यूनतेचा परिणाम आहे. ऊर्जा अपुरी असेल तर शरीर खाल्लेली प्रथिने इंधन म्हणून जाळते. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅकलारेन याने याच धोरणावर कठोर टीका केली.

स्थूलतेवरील शल्यक्रियेच्या संदर्भात हा सिद्धान्त उलट्या बाजूने लागू पडतो. सुखात्मे यांच्या निरीक्षणातील शेतमजुरास ऊर्जा नाइलाजाने कमी मिळत होती. शल्यक्रिया झालेल्या रुग्णास ती हेतुतः कमी दिली जाते. ऊर्जेची तूट हीच येथे उपचाराची साधनसामग्री आहे. म्हणून प्रथिनांचा काही अंश जळणार हे गृहीत धरूनच त्यांची मात्रा ठरवावी लागते. किमान ६० ग्रॅम, आणि आवश्यकतेनुसार आदर्श वजनाच्या दर किलोग्रॅममागे दीड ग्रॅमपर्यंत, ही २०१३ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांतील मर्यादा या दृष्टीने पाहिली म्हणजे तिचे मर्म कळते. मजुराला आधी भाकरी हवी होती. या रुग्णाला भाकरी बाजूला ठेवून आधी प्रथिने घ्यावी लागतात. दोन्ही उपदेश एकाच तत्त्वातून निघतात.

प्रत्यक्षात ही मर्यादा गाठली जाते काय? अमेरिकेतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शल्यक्रियेनंतर वर्षभरापर्यंत प्रथिनांचे सेवन अपुरे राहते आणि त्याचे एक कारण प्रथिनयुक्त अन्न न सोसणे हे आहे, असे आढळले. तांबडे मांस विशेष सोसत नाही. कप्प्यात आम्ल व पेप्सिन कमी, घुसळण्याची शक्तीही कमी. अशा वेळी दात व पाटा-वरवंटा यांनी जठराचे काम करावयाचे असते. अन्नास मऊपणा आणण्याचे खरे प्रयोजन हेच होय.

७

१९९४ मध्ये विटग्रोव्ह व क्लार्क यांनी दुर्बिणीच्या साह्याने जठर-वळण करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि २०१० च्या दशकात जठराची नळी करण्याची शल्यक्रिया जगात सर्वाधिक प्रचलित झाली. या सुधारणांमुळे रुग्ण दोन-चार दिवसांत घरी जातो. परिणामी मऊ अन्नाचा बहुतेक सगळा काळ रुग्णालयाऐवजी घरच्या स्वयंपाकघरात जातो. हा बदल वैद्यकाच्या इतिहासकारांनी दुर्लक्षिलेला, पण महत्त्वाचा आहे. प्रत्येक समाजाच्या स्वयंपाकघरात आजाऱ्याच्या अन्नाची स्वतःची परंपरा असते, आणि शास्त्रीय आकडा अखेर त्या परंपरेतूनच ताटात उतरतो.

मुंबई-पुण्यात या शल्यक्रिया होऊ लागल्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्रातही आला आहे. मराठी घरातील पथ्याचे अन्न म्हणजे तांदळाची पेज, मऊभात, आरारुटाची किंवा साबुदाण्याची लापशी. यांपैकी साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिने ०.२ ग्रॅम इतकीच भरतात. पेजेचे मोल तापकऱ्यास निश्चित आहे, परंतु येथे ती मक्याच्या आफ्रिकी पेजेचीच बहीण ठरते. त्याच परंपरेत मुगाचे वरण, ताक, दही आणि मेतकूट हेही आहे. मुगाच्या १०० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. मात्र वरण जितके पातळ तितके ते पेजेच्या जवळ जाते. डाळ घट्ट शिजवून घोटणे, दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळणे, दह्यातील पाणी गाळून चक्का करणे, पनीर कुस्करून देणे, मासे किंवा अंडी खाणाऱ्यांस ती मऊ शिजवून देणे, या साध्या कृतींनी चमच्यामागील प्रथिने वाढतात. पॅरिसच्या समितीला असा चमचा मान्य झाला असता.

भारतीय रुग्णाच्या बाबतीत या दक्षतेस आणखी एक कारण आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली होती. दोघांचा शरीरवस्तुमानांक २२.३ असा समान, पण देहातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. समान अंकामागे भारतीय देहात मेद अधिक व स्नायू कमी असतात, हे त्यावरून लक्षात यावे. अशियाई रुग्णांसाठी शल्यक्रियेची मर्यादा २०२२ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत २७.५ पर्यंत खाली आणण्यामागे हाच विचार आहे. ज्याच्याजवळ स्नायूंची पुंजी मुळात थोडी, त्याने वजन उतरविताना ती खर्चू देणे परवडणारे नाही. तराजूचा काटा मेद आणि स्नायू यांत भेद करीत नाही.

तात्पर्य, माजांदीने नत्राच्या मोजणीवर, हॉपकिन्सने प्रथिनांच्या एकजिनसीपणावर आणि सुखात्मे यांनी ऊर्जेविना केलेल्या प्रथिनविचारावर जे आक्षेप घेतले, ते तिन्ही शल्यक्रियेनंतरच्या त्या लहानशा कप्प्यात एकत्र येतात. तेथे जागा इतकी थोडी की चुकीस वाव उरत नाही. मऊपणा ही त्या अन्नाची अट आहे, त्याचा गुण नव्हे. हा भेद ज्या ज्या वेळी विसरला गेला, त्या त्या वेळी त्याची किंमत रुग्णाने मोजली, असे हा इतिहास सांगतो.